नमुन्याचं दूध

मंगळवार, १२ मे १९८१. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सावळडोह गावात नत्थूजी वारले. वय त्रेसष्ट. पुलगावच्या कापडगिरणीत अठ्ठावीस वर्षं काढून, पोटाचं दुखणं घेऊन ते तीन वर्षांपूर्वी गावी परतले होते. सोमवारी दुपारपासून उलट्या सुरू झाल्या. पहाटे उलटीत रक्त पडलं. रोहण्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, पण बैल जुंपेपर्यंत न्यायचं कारण उरलं नाही.

त्याच वेळी, शंभर पावलांवर, दूध संकलन केंद्रात प्रेमदास सकाळचं माप घेत होता. प्रेमदास केंद्राचा टेस्टर. वय एकतीस, मॅट्रिक पास, आर्वीला एकवीस दिवसांचं प्रशिक्षण झालेला. धाम खोरे दूध मंडळानं गावात केंद्र उघडलं तेव्हा त्याची नेमणूक झाली, आणि पहिले दोन महिने काही घरांनी दूधच घातलं नाही. बौद्धपुऱ्यातला पोरगा आपल्या दुधात हात घालणार, ही गोष्ट त्यांना पचत नव्हती. मग पहिला हिशेब निघाला. फॅट मोजताना प्रेमदासनं एका पॉइंटाचीही चूक केली नव्हती. पाटलाच्या म्हशीला सहा पॉइंट दोन, तर सहा पॉइंट दोनच. स्वतःच्या चुलत्याच्या गायीला तीन पॉइंट नऊ, तर तीन पॉइंट नऊच. त्यानंतर सगळी घरं आली.

सव्वासातच्या सुमारास धुरपता आपली बादली घेऊन आली. ती केंद्रासमोर राहायची आणि गावाची बातमी दुधाच्या आधी पोचवायची.

"टेस्टरभाऊ, भागीरथाबाई येत नाई आज. कॅन तुमचे तुमीच धुवा. नत्थूजी गेले."

"कधी?"

"आत्ताच. दूध पेले तवापासून उलट्याच सुरू होत्या म्हणे. बुढ्याच्या नशिबी दूधबी टिकलं नाई, बाप्पा."

"कोणतं दूध?"

"कोणतं म्हणजे? तुमच्या इथलंच. बाटल्याइचं. परवा लोटा भरून नेलं ना तिनं. मले मोठ्या कौतुकानं दाखवलं. आठ दिवसाचं दूध हाय, चुलीवर ठेवलं तरी फुटलं नाई, म्हणे. आमच्या म्हशीचं दुपारीच फुटते."

प्रेमदासनं तिचं दूध मोजलं. साडेतीन लिटर. वहीत लिहिलं. तिच्यामागे अकरा जण होते; त्यांचंही मोजलं, लिहिलं. सात पस्तीसला ट्रक आला. कॅन चढवले, ड्रायव्हरची सही घेतली. मग त्यानं केंद्राला कुलूप लावलं आणि नत्थूजींच्या घराकडे निघाला. लगेच का गेले नाही, असं नंतर त्याची बायको कोकिळा विचारणार होती. त्यावर तो म्हणणार होता, "ट्रक यायचा होता."

केंद्राची रीत अशी होती. दुधाचा भाव फॅटवर ठरायचा, पण अडतीस जणांच्या दुधाची फॅट रोज काढणं परवडत नसे. त्याला लागणारं आम्ल महाग. म्हणून प्रत्येकाच्या नावाची एक बाटली. रोज सकाळी त्यात पळीभर दूध टाकायचं, आणि रविवारी आठवड्याच्या साठलेल्या दुधाची एकदाच तपासणी करायची. आठवडाभर दूध नासू नये म्हणून बाटलीत मंडळाची गोळी टाकलेली असे. गोळीत पाऱ्याचं विष होतं. ते ओळखू यावं म्हणून गोळीला रंग दिलेला, त्यानं दूध गुलाबी व्हायचं.

तपासणीला दूध लागायचं जेमतेम दोन चमचे. बाकीचं उरायचं. बाटल्या येण्याआधी, जारमध्ये रोज दूध तपासत तेव्हा, ते उरलेलं दूध पुन्हा कॅनमध्ये ओतायचं नाही असा गावाचाच कायदा होता. माझं दूध त्याच्या नावावर गेलं, या भांडणातून तो निघाला होता. ते दूध कॅन धुणारीला मिळायचं. भागीरथा, नत्थूजींची बायको, पहिल्या दिवसापासून कॅन धुवायची. तिच्या घरी दुभतं जनावर नव्हतं. दीड वर्ष जारचं दूध तिच्या घरी गेलं.

मग बाटल्या आणि गोळ्या आल्या. प्रेमदासनं तिला बाटली दाखवून सांगितलं, "मावशी, हे गुलाबी दूध प्यायचं नाई. मागच्या नालीत टाकायचं. कुत्र्यालेबी द्यायचं नाई." तिनं मान हलवली. दर रविवारी अडतीस बाटल्या ती नालीत रिकाम्या करी. सिमेंटची नाली गुलाबी होऊन गेली. गावातल्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं: गुलाबी दूध पीत नसतात.

एप्रिलच्या शेवटी गोळ्या संपल्या. २ मे रोजी आर्वीहून ट्रकबरोबर एक तपकिरी बाटली आली, फॉर्मॅलिनची, आणि अर्ध्या कागदाची चिठ्ठी. 'गोळ्या उपलब्ध होईपर्यंत प्रत्येक नमुना बाटलीत दहा थेंब टाकावे.' एवढंच. बाटलीवर कवटीचं चित्र होतं. प्रेमदासनं ती कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. सोमवार, ४ मेपासून प्रत्येक नमुन्यात दहा थेंब पडले. नऊ नाहीत, अकरा नाहीत. फॉर्मॅलिनला रंग नसतो.

नत्थूजींच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. बांबू आले होते. नत्थूजींचे धाकटे भाऊ रामाजी सुतळी सोडवत बसले होते. प्रेमदास ओसरीत गेला. सून कांता चुलीजवळ होती.

"परवाचं दूध कुठं हाय?"

कांतानं ताटाखाली झाकलेला लोटा दाखवला. निम्मा भरलेला.

"किती दिलं त्याइले?"

"मामंजीले सोमवारी दोनदा, गिलास गिलास. नाकात चढते म्हणत होते. आत्याबाई म्हणल्या, तापलेल्या जिभेले सगळं कडूच लागते. गूळ टाकून दिलं. आत्याबाईनं घोटभर घेतलं. मी तोंडाला लावलं अन् ठेवून दिलं. झोंबत होतं."

प्रेमदासनं लोट्याला नाक लावलं. मग तो केंद्रात परत गेला, तीन स्वच्छ बाटल्या, लाख, मेणबत्ती आणि चिठ्ठ्या घेऊन आला. लोट्यातलं दूध ढवळलं, तिन्ही बाटल्यांत सारखं भरलं, बुचं लावली, लाख वितळवून सील केलं आणि चिठ्ठीवर तारीख-वेळ टाकली: १२-५-८१, सकाळी आठ पाच. भागीरथा भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते.

"नमुना घेता का भाऊ?" ती म्हणाली.

"हो, मावशी."

बाहेर येऊन त्यानं रामाजींना सांगितलं, "तिरडी बांधू नका. पोलीसपाटलाले बोलवा."

"काऊन? म्हातारं माणूस, पोटानं गेलं. तुले का झालं सकाळी सकाळी?"

"त्या दुधात औषध होतं. मीच टाकलेलं. दूध टिकावं म्हणून."

रामाजींच्या हातातली सुतळी तशीच राहिली. एवढं बोलून प्रेमदास बांधावरच्या दगडावर बसला. साडेअकराला आर्वीहून पोलीस आले. प्रेत सरकारी गाडीतून गेलं, तपासणीसाठी काढलेले भाग नागपूरच्या प्रयोगशाळेत गेले, त्याबरोबर दुधाची एक सीलबंद बाटलीही गेली. दुसरी मंडळानं घेतली, तिसरी पोलीस ठाण्यात राहिली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून 'अहवाल आल्यावर' असं लिहिलं गेलं.

केंद्राचे अध्यक्ष अण्णाजी त्या संध्याकाळी प्रेमदासच्या घरी आले. त्याच्या घराची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते. कोकिळानं खाट टाकली, त्यावर ते बसले नाहीत.

"शहाणा हायस का तू? कोणी विचारलं होतं तुले?"

"लोटा होता तिथं, अण्णाजी."

"होता तर होता! बुढा तीन वर्षं पोट धरून पडला होता. गेला असता एक दिस. तू लाखेचं सील लावत बसला." अण्णाजींनी आवाज खाली आणला. "बरं, झालं ते झालं. चौकशीले साहेब येईन. त्याचा कागद असते. त्यात इचारतीन, दूध फेकून द्यायचं सांगतलं होतं का? सांगतलं होतं, म्हणजो. तोंडी सांगतलं, म्हणजो. केंद्र वाचते, तुई नोकरी वाचते."

"मले याद नाई, अण्णाजी."

"काय याद नाई?"

"सांगतलं का नाई, ते."

अण्णाजी दाराकडे वळले. "अडतीस माणसाइच्या फॅटी तुले पॉइंटासकट याद राह्यते रे!"

ते गेल्यावर कोकिळा म्हणाली, "नलूचे बाबा, खरंच याद नाई?"

"पांढऱ्या दुधाबद्दल बोललो असतो, तर कधी? शनिवारी बाटली आली. सोमवारी थेंब टाकले. ती तवा कॅन धूत होती. रविवारी तपासणी." त्यानं एकेक दिवस बोटावर धरला. रविवारच्या बोटाशी तो थांबला आणि तिथंच थांबून राहिला.

२१ मे, गुरुवार. मंडळाचे चौकशी अधिकारी केंद्राच्या टेबलामागे बसले. सोबत छापील प्रपत्र, नऊ मुद्द्यांचं. नमुने कोण घेतं, औषध कोणाच्या ताब्यात असतं, किती थेंब. सहा मुद्द्यांची उत्तरं प्रेमदासनं वहीतून तारखांसह दिली. साहेबांनी दोनदा 'उत्तम' म्हटलं. सातवा मुद्दा: 'उर्वरित नमुना नष्ट करण्याबाबत संबंधितास सूचना दिली होती काय? होय/नाही.'

त्याचं उत्तर घेण्याआधी साहेबांनी भागीरथाचा जबाब घेतला.

"बाई, ते दूध प्यायचं नसतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"गुलाबी प्यायचं नसते, साहेब. हे पांढरं होतं."

"पण बाटल्यांतलंच होतं ना?"

"होतं. म्हणून मी इचारलं. भाऊ नळी पाहून राह्यले होते. मी म्हणलं, भाऊ, आज पांढरंच हाय, औषध नाई वाटते, घेऊन जाऊ का? ते काई बोलले नाई."

"मग तुम्ही कसं नेलं?"

"नळी हातात असली की ते बोलतच नाई. नाई न्यायचं असतं तर नळी ठेवून सांगतलं असतं."

दारात उभे असलेले दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले. गोष्ट खरी होती. आम्ल आणि दूध घातलेली नळी फिरवून, गरम पाण्यातून काढली की फॅटचा पिवळा थर काही क्षणच जागेवर राहतो. थंड झाला की खाली बसतो, आणि शेतकऱ्याचा पॉइंट जातो. प्रेमदास नळी डोळ्यासमोर धरी तेव्हा श्वासही रोखून धरी. त्या वेळी कोणी काही विचारलं, तर त्याचं उत्तर मागाहून यायचं किंवा यायचंच नाही. आणि उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. धुरपता त्याच वेळेला बादली पुढे सरकवायची.

"ह्यांनी विचारलं होतं?" साहेबांनी प्रेमदासला विचारलं.

"आठवत नाही, साहेब."

"विचारलं नव्हतं असं म्हणायचंय का?"

"नाही. आठवत नाही एवढंच."

"मग सातव्यात काय लिहू?"

"तेच लिहा."

"इथे होय किंवा नाही असतं."

प्रेमदासनं कागद स्वतःकडे ओढला, 'होय' आणि 'नाही' यांपैकी कशावरच रेघ मारली नाही, बाजूच्या जागेत 'आठवत नाही' लिहून सही केली. अण्णाजी उठून बाहेर निघून गेले.

भागीरथा जागची हलली नव्हती. कागद साहेबांच्या पिशवीत जाईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत होती.

मंडळानं प्रेमदासला काढलं नाही. आर्वी तालुक्यात तसा दुसरा टेस्टर नव्हता. उलट जूनमध्ये त्याला आर्वीला बोलावून नवे नियम लिहायला बसवलं. त्यानं अकरा नियम लिहिले. फॉर्मॅलिनमध्ये रंग मिसळल्याशिवाय बाटली केंद्रावर पाठवू नये. नमुना दोन साक्षीदारांसमोर खड्ड्यात ओतावा. जे ओततात त्यांना रंग नव्हे तर कारण सांगावं, आणि सांगितल्याची तारीख लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा. हे नियम सव्वीस केंद्रांना गेले. पावसाळ्यात प्रेमदासनं स्वतः चौदा केंद्रांवर जाऊन ते समजावून दिले. एका गावात कोणी म्हातारीनं विचारलं, "एवढं काऊन सांगता भाऊ, कुठं कोणी मेलं का?" तो म्हणाला, "हो. आमच्या गावात." आणि पुढचा नियम वाचू लागला.

भागीरथा ८ जूनपासून पुन्हा कॅन धुवायला येऊ लागली. तेरवीला रामाजींनी तिला पंगतीत वाढू दिलं नव्हतं. नवऱ्याला इख पाजणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाईल, असं ते चारचौघांत बोलले. मग ते गावात पसरलं. नंतर तिच्या हातचं पाणी कोणी घेईना. कांताही आपला घडा वेगळा भरू लागली.

पंधरा-वीस दिवस भागीरथा काही बोलली नाही. एका रविवारी नळ्या धुऊन झाल्यावर, खड्ड्यात रंगीत दूध ओतून अंगठा दिल्यावर, ती म्हणाली,

"भाऊ, मी इचारलं होतं ना?"

प्रेमदास वही मिटत होता.

"मले तुमची नोकरी घालवायची नाई. मंडळाले सांगू नका, हवं तर. रामाजीले सांगा. गावाले सांगा. हिनं इचारलं होतं, एवढंच. मंग ते जाणून पाजलं असं नाई होत."

"मावशी, मले ते दिसत नाई."

"दिसत नाई म्हणजे?"

"त्या दिवशीच्या सगळ्या नळ्या दिसते. तुमच्या शेजारच्या बापूजीची चार पॉइंट सात. धुरपताची पाच पॉइंट नऊ. तुम्ही कुठं उभ्या होत्या ते दिसत नाई."

"मी दारात होती. लोटा हातात."

"असान."

"असान नका म्हणू!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "होतं म्हणा, नाई तर नव्हतं म्हणा. अण्णाजी म्हणते तसं तरी लिहा. सांगतलं होतं म्हणा. मंग मी समजून जाईन, का म्याच केलं. हे अधातरी कायले ठेवता?"

प्रेमदासनं उत्तर दिलं नाही. या वेळी त्याच्या हातात नळी नव्हती. तो म्हणाला, "पाणी द्या."

तिनं माठातून लोटा भरून दिला. तो प्यायला, लोटा परत दिला, आणि तिनं तो घासून पालथा ठेवला. भागीरथाच्या घराच्या अंगणात तीस वर्षांपूर्वी प्रेमदासच्या बापाला वरून ओंजळीत पाणी मिळायचं. ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल कधी बोलले नव्हते. पुढे हे रोजचंच झालं. माप संपलं की प्रेमदास पाणी मागे आणि भागीरथा देई. दूध घालायला आलेली माणसं पाहत. त्यांतलं कोणी पाणी मागितलं नाही.

१९८२ मध्ये पोलिसांनी नागपूरला दोन स्मरणपत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर आलं: काम प्रलंबित. दुसऱ्याला आलं नाही. ठाण्यातल्या तिसऱ्या बाटलीचं सील उन्हाळ्यात सुटलं, तसा पंचनामा झाला. चौकशी अधिकारी त्याच वर्षी निवृत्त झाले. अण्णाजी पुन्हा अध्यक्ष झाले. प्रेमदासशी ते कामापुरतं बोलत. एकदा मात्र मापाच्या वेळी म्हणाले, "तुझ्या एका ओळीपायी फाइल मिटत नाई, माहीत हाय ना?"

"माहीत हाय."

"मंग?"

"पुढचं दूध आणा," प्रेमदास रांगेतल्या माणसाला म्हणाला.

कोकिळानं त्याला विचारणं सोडलं होतं. तो घरी नीट जेवायचा, नीट झोपायचा, नलूचा अभ्यास घ्यायचा. फक्त पोरीनं काही विचारलं की हातातलं असेल ते खाली ठेवून तिच्याकडे तोंड वळवायचा आणि मगच बोलायचा. नलूला ते विचित्र वाटे. "बाबा, गिलास कायले ठेवता? पेता पेता सांगा ना," असं ती म्हणायची.

९ फेब्रुवारी १९८४ रोजी मंडळाचं पत्र आलं. नव्या चौकशी अधिकाऱ्यांच्या सहीचं. 'प्रपत्रातील मुद्दा क्रमांक सातमध्ये आपण दिलेले उत्तर ग्राह्य धरता येत नाही. तरी होय अथवा नाही यांपैकी एक लिहून प्रपत्र पंधरा दिवसांत परत करावे. अन्यथा उपलब्ध जबाबांवरून निर्णय घेण्यात येईल.' सोबत कोरं प्रपत्र. पहिले सहा मुद्दे टाइप करून भरलेले होते.

पत्र केंद्रावर आलं तेव्हा भागीरथा तिथंच होती. कोणाचं आहे, असं तिनं विचारलं. प्रेमदासनं तिला ते पूर्ण वाचून दाखवलं. 'उपलब्ध जबाब' म्हणजे काय, तेही सांगितलं: तिचा एकटीचाच.

"म्हणजे मी म्हणलं ते धरतीन?"

"धरतीन किंवा खोटं ठरवतीन."

"अन् तुमी?"

"मी दोन वर्षं नऊ महिने रोज पाहून राह्यलो मावशी, त्या दारात. कधी तुम्ही दिसता. पण मंग वाटते, तुम्ही सांगतलं म्हणून दिसता."

भागीरथानं हातातला कॅन उपडा केला, पाणी निथळू दिलं. "आज दिसलं तर आज लिहा," ती म्हणाली. "उद्याचं उद्या."

मुदत २४ फेब्रुवारीला संपली. ३१ मार्च १९८४ पर्यंत मंडळाच्या आवक नोंदवहीत सावळडोह केंद्राचं प्रपत्र आल्याची नोंद नाही. मंडळानं निर्णय घेतल्याचंही पत्र नाही. नागपूरचा अहवाल आलेला नाही.